किल्ली देण्याआधी

लिंगव्वा, आधी हे डबे बघ.
चिठ्ठ्या लावल्या होत्या मी, निळ्या शाईनं, वळणदार.
सव्वीस वर्षांच्या वाफेत एक अक्षर उरलं नाही.
तशाही तुला वाचता येत नव्हत्या.
तरी लाईट गेलेली असताना हळद मागितली
तर बेसनाचा डबा तू कधी पुढं केला नाहीस.

रताळी धुवू नकोस.
कडोलीहून येतात तशी, तांबड्या मातीसकट,
जिन्याखाली पसर, वारा लागेल अशी.
फ्रिजमध्ये तर नकोच, काळीज लाकडासारखं होतं,
मग उकड किती उकडायचं ते.
बटाटे पलीकडच्या कोपऱ्यात.
कांद्याशेजारी ठेवलेस की लवकर कोंब फुटतात.
(आपण दोघी एका ओट्याला इतकी वर्षं,
आपल्याला काय फुटलं, सांग बघू.)

वांगं डोळ्यांनी नाही, हातानं घ्यायचं.
देठ हिरवा, काट्यांचा. दिसायला मोठं, तोलायला हलकं.
जड लागलं की आत नुसता बियांचा बाजार.
भाव तू कर.
गणपत गल्लीत मी "केवढ्याला" म्हटलं की पाच रुपये चढतात,
तू "एष्ट" म्हटलंस की उतरतात.
शहापुरातल्या त्या मावशीकडं मात्र उलटं,
तिथं तू पिशवी धरून गप्प उभी.
कुणाला गंडवलं आपण, कुणी आपल्याला,
हिशेब कधी केला नाही.

मसुरीला एरंडेल चोळायचं, बोटभरच.
जास्त झालं की पोरं वास घेतात आणि ताट सरकवतात.
रात्री भिजत घाल. मीठ शेवटी.
आधी घातलंस की दाणा हट्टाला पेटतो, गॅस जातो.
येळ्ळूरचा तांदूळ नवा असला तर पाणी कमी,
किती कमी ते विचारू नकोस,
हात धुताना कळतं तांदळाच्या अंगाला किती ओल आहे ते.
संकेश्वरी मिरचीची देठं कांडायच्या दिवशीच काढ,
आणि बरणीत चटणी भरताना तळाला हिंगाचा खडा.
विसरलीस तर पावसाळ्यात जाळी धरते,
आणि चारशे रुपये उकिरड्यावर.

दूध तापवताना पातेलं नुसतं विसळायचं, पुसायचं नाही.
ओल्या बुडाला दूध धरत नाही.
फाटलं तर—
तो बंदचा दिवस आठवतो?
एसट्या नाहीत, एक पोरगा जेवायला नाही,
बारा लिटर दूध दुपारी फाटलं.
मी मोरीकडं उचललं, तू पातेल्याचा कान धरलास.
साखर ओतलीस आणि ढवळत बसलीस,
तांबूस होईतोवर, खांदा भरून येईतोवर.
खिडकीतून घोषणा येत होत्या,
एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या.
संध्याकाळी तू वाट्या भरल्यास.
कोपऱ्यावरच्या पोलिसालाही एक नेऊन दिलीस,
आणि वाटी परत आणायची राहिली ती राहिलीच.

भाकरीचं काय सांगू.
जुन्या पिठाला चिकटपणा नसतो, पाणी उकळतं घे,
हे तूच मला शिकवलंस,
तळहातावर थापटी मारून, शब्दावाचून.
तेव्हा मी कुठल्या तोंडानं—
असो.

ही किल्ली. कुलूप अडतं, शेंगतेलाचा एक थेंब.
उजवीकडचा बर्नर काडीनंच पेटव, लायटर ऐकत नाही.
दह्याचं विरजण मंगळवारी बदललंय.
मिठाचं माप लिहून ठेवलं नाही,
ती माझी मूठ होती. तुझी मोठी आहे.
चार दिवस जेवणारे खारट म्हणतील,
पाचव्या दिवशी तीच चव.

आणि आता तू सांग.
उद्या लेक धारवाडला घेऊन जाईल,
पुढचा सगळा बाजार तिथलाच.
वांगं हातात घेऊन मी "एष्ट" म्हटल्यावर
ती बाई जे काही म्हणेल,
त्यावर मी काय म्हणायचं?
हळू सांग. पुन्हा सांग.